इंग्लिश कोंबडीचं मूळगाव

महाडहून पोलादपूरकडे निघालं की महामार्गाच्या कडेला पाट्या दिसू लागतात: 'गावठी कोंबडी', 'गावठी थाळी', 'चुलीवरचं गावठी चिकन'. 'येथे बॉयलर मिळेल' अशी पाटी मला कधी दिसलेली नाही, आणि खपते मात्र तीच. आमच्याकडची जुनी माणसं तिला 'इंग्लिश कोंबडी' म्हणत. तिची अंडीही 'इंग्लिश अंडी'. पांढरी, सायबासारखी, म्हणून इंग्लिश, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो.

मग कोंबड्यांच्या जातींची माहिती वाचताना एका नावावर अडखळलो: 'इंडियन गेम'. ही जात इंग्लंडात, कॉर्नवॉल परगण्यात, एकोणिसाव्या शतकात तयार झाली. श्रेय दिलं जातं सर वॉल्टर गिल्बर्ट या कंपनी सरकारच्या सेनापतीला. त्याने हिंदुस्थानातला झुंजीचा असील कोंबडा तिकडच्या झुंजार कोंबड्यांशी जुळवला, असं सांगतात. पिल्लं झुंजीला कुचकामी निघाली, पण छाती अशी भरली की खवय्ये खूश झाले. अमेरिकेत या जातीला आधी 'कॉर्निश इंडियन गेम' म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातलं 'इंडियन' गळालं आणि उरलं नुसतं 'कॉर्निश'. १९४८ साली अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' शोधण्याची मोठी स्पर्धा झाली. ती जिंकली चार्ल्स व्हॅन्ट्रेस यांच्या कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांच्या संकराने. आजच्या बॉयलरचं बापाकडचं कूळ हेच, कॉर्निशचं.

म्हणजे इंग्लंडात जी 'इंडियन' म्हणून ओळखली जात होती, तिचीच नातवंडं-पतवंडं आपल्याकडे 'इंग्लिश' होऊन परत आली.

यावर आक्षेप असा की इंडियन गेममध्ये मलायाच्या कोंबड्याचंही रक्त आहे, मग सगळं श्रेय असीलला का? माझं उत्तर साधं आहे. मलायाचा कोंबडा उंच, लांब टांगांचा. इंडियन गेम बुटका, रुंद खांद्यांचा, पाय फाकवून उभा राहणारा, आणि हा बांधा थेट असीलचा आहे. मलायाने वजन दिलं असेल, छाती असीलचीच. शिवाय असीलचं नाव पाहा. अरबीत 'अस्ल' म्हणजे मूळ. 'असील' म्हणजे मूळ कुळाचा, जातिवंत. आपला 'अस्सल' त्याच मुळातून आला. ज्याच्या नावातच मूळगाव आहे, त्याच्या वंशाला आपण परकं ठरवून बसलो.

त्याच्याही मागे एक धागा जातो, आणि तो तर पोलादपूरच्या रानातूनच. पाळीव कोंबडीचे पाय आणि कातडी पिवळी का, याचा शोध स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये लावला. डार्विनने सगळ्या कोंबड्यांचा एकच पूर्वज मानला होता, तांबडा रानकोंबडा. पण पिवळेपणाचं जनुक निघालं करड्या रानकोंबड्याकडचं. हा पक्षी फक्त भारतात सापडतो आणि सह्याद्री त्याचं मोठं घर आहे. आंबेनळीच्या घाटात पहाटे जो आरवतो, त्याच्या जातीचा वारसा पिंजऱ्यातल्या बॉयलरच्या पिवळ्या पायांत उतरलेला आहे.

आता 'बॉयलर' या नावाचं. मूळ शब्द ब्रॉयलर, विस्तवावर भाजायची कोवळी कोंबडी. जोडाक्षर जड म्हणून 'र' गळाला, असं म्हणतात. मग आपण ब्रेक, ब्रश, ब्रेड कसे बिनचूक म्हणतो? माझी खात्री आहे की ही जागा एका ओळखीच्या शब्दाने घेतली. साखर कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या बातम्या मराठी माणूस दरवर्षी वाचतो. महाडच्या औद्योगिक वसाहतीत तर बॉयलर रोजच्या बोलण्यातला. कानाला परका शब्द आला आणि जिभेने घरचा उचलला.

'गावठी'तला 'ठी' काही जण 'गावंढळ'सारखा हिणवणारा मानतात. मला ते पटत नाही. 'ग्रामस्थान'चं 'गावठाण' झालं तेव्हा 'स्थ'चा 'ठ' झाला, तोच इथे आहे. गावात राहणारी ती गावठी. घाट चढून देशावर गेलं की पाटीवर बहुतेक 'गावरान' होतं. पण आमच्या आज्यांच्या काळी ती नुसती कोंबडी होती. दुसरी आली, तेव्हा पहिलीला विशेषण लागलं.

दुसरं आलं की ओळखीची खूण लागते, हे जगभर घडलं. १८८२ मध्ये 'डुनेडिन' हे जहाज न्यूझीलंडचं गोठवलेलं मटण घेऊन लंडनला पोचलं. ते खाटकांच्या दुकानांत 'इंग्लिश' म्हणून खपू लागलं, तेव्हा मूळ देशाचा शिक्का हवा अशी ओरड झाली. इंग्लंडात १८८७ चा मालावरच्या खुणांचा कायदा जर्मन मालावर रोख ठेवून आला होता. मग परदेशी मांसावरही तशी खूण असावी का हे ठरवायला लॉर्डांच्या सभागृहाने १८९३ मध्ये समिती बसवली. अमेरिकेने २००२ मध्ये मांसावर देशाचं नाव सक्तीचं करणारा कायदा केला; कोंबडी त्यात २००८ मध्ये आली. कॅनडा-मेक्सिकोशी जागतिक व्यापार संघटनेत हरल्यावर २०१५ मध्ये गाय-डुकराच्या मांसावरचं काढलं. कोंबडीवरचं राहिलं. भारतातही आयात पाकिटावर मूळ देश लिहावाच लागतो. पिंजऱ्यातल्या जिवंत कोंबडीला मात्र विकणाऱ्याचा शब्द हाच शिक्का.

आणि तिथेच फसवणूक होते. मला एका बाजारात तांबड्या-काळ्या पिसांची कोंबडी गावठी म्हणून मिळाली. घरी वीस मिनिटांत शिजली. शेजारच्या काकींनी हाड चोखून निकाल दिला, "ही गिरिराज रे. गावठी एवढ्यात शिजते होय?" गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली संकरित जात. चांगली जात आहे, पण गावठी नव्हे. काकींनी मग शिकवलं: नख्या बघायच्या, उकिरडा उकरणारीच्या झिजलेल्या असतात. छातीवर बोट फिरवायचं, हाड टोचलं पाहिजे. पायाची खवलं खरखरीत हवीत. राखणदार देवाला द्यायचा राखणीचा कोंबडा घेताना त्या आजही असंच तपासतात, कारण देवाला बॉयलर चालत नाही.

हे डोळे आता थोड्या घरांत उरलेत. म्हणून महाड-पोलादपूरच्या खानावळवाल्यांना माझी विनंती आहे: पाटीवर 'गावठी' लिहिताय, तर खाली खडूने गावाचं नावही लिहा. कोंबडी सवादची, उमरठची की कापड्याची, एवढंच.