पडद्याच्या दोरीतला बग

बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या वैरागमधली जुनी माळवदाची घरं आठवा. जाड भिंती, वर मातीचं छत, खिडक्या जेमतेम. उन्हाळ्यात तेच शहाणपणाचं. खिडकीच नाही तिथे पडदा कुठला आणि पडद्याची दोरी कुठली! मग स्लॅब आला, मोठ्या काचेच्या खिडक्या आल्या, आणि शहरातल्या फ्लॅट्समध्ये तर थेट ब्लाइंड्स.

तर मंडळी, आज या दोरीचा इतिहास. दिसते निरुपद्रवी, पण प्रकरण गंभीर आहे.

पट्ट्या फिरवून उजेड कमी-जास्त करायच्या ब्लाइंडचं पेटंट न्यू ऑर्लिन्सच्या जॉन हॅम्पसनने १८४१ मध्ये घेतलं. डिझाइन इतकं सोयीचं की पुढे कित्येक वर्षं दोरीकडे फारसं कुणी संशयाने बघितलं नाही. १९९७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला: १९८१ ते १९९५ या काळात अमेरिकेत पडद्यांच्या दोऱ्यांत गळा अडकून १८३ मुलं गेली होती. बहुतेक तीन वर्षांच्या आतली. म्हणजे महिन्याला साधारण एक. आणि हे सगळं आवाज न होता. गळा आवळला की मूल ओरडू शकत नाही, आई शेजारच्या खोलीत असली तरी तिला कळत नाही.

पहिला पॅच १९९५ च्या सुमाराचा: ओढायच्या दोरीचं खालचं वेटोळं कापून दोन सुटी टोकं करायची. झालं, बग क्लोज!

कसला क्लोज. पट्ट्यांच्या मधून जाणारी आतली दोरी तशीच होती. खिडकीला लागून पाळणा, त्यात उभं राहायला शिकलेलं बाळ. त्याने पट्ट्यांमधली दोरी ओढली की बाहेरची दोरी वर सरकते आणि आत फास तयार होतो. या आतल्या दोरीने गेलेली मुलं ९ ते १७ महिन्यांची होती. म्हणून नोव्हेंबर २००० मध्ये तब्बल साडेआठ कोटी ब्लाइंड्स दुरुस्तीसाठी रिकॉल झाल्या. उपाय काय? वरच्या पट्टीच्या जरा खाली दोरीवर एक छोटा अडसर, म्हणजे दोरी आत ओढलीच जात नाही. किट फुकट. मला यातली साधी बुद्धी फार आवडते. (पण ते बसवणार कोण? अपडेट न करणारे युजर आपल्याला काय नवीन!)

२००९ मध्ये रोमन शेड्स आणि गुंडाळायच्या पडद्यांचा नंबर लागला, सुमारे पाच कोटींचा. शेवटी २०१८ मध्ये तिथल्या उद्योगाने तयार मापाच्या पडद्यांची लोंबती दोरीच काढून टाकली, आणि मापाप्रमाणे बनवलेल्यांसाठीचा नियम २०२४ मध्ये लागू झाला. म्हणजे पॅच सोडून रीडिझाइन. एवढी साधी गोष्ट, पण किती वर्षं गेली!

आपल्याकडे दोरी वेगळी. तुळईला बांधलेली साडीची झोळी. तान्ह्याला ती उत्तम, पण जरा मोठं मूल तिच्यात गोल गोल फिरत खेळायला लागलं की तेच कापड पिळत जातं. अशा मृत्यूंच्या नोंदी भारतीय न्यायवैद्यक नियतकालिकांत आहेत.

ब्लाइंड असेल तर पाळणा, पलंग, सोफा खिडकीपासून लांब हलवा. रोलर ब्लाइंडची मण्यांची साखळी ताणून भिंतीला क्लिपने स्क्रू करा. ऑस्ट्रेलियात सुट्या दोरीचं मोठं वेटोळं जमिनीपासून १.६ मीटरच्या खाली चालत नाही, म्हणजे सव्वापाच फूट. टेप घेऊन मोजा, दहा मिनिटांचं काम आहे.