नळ आला, तळं गेलं

बेंगळुरूला पहिल्यांदाच जाणाऱ्या पाहुण्याला वाहतुकीच्या कोंडीत एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. हे पूर्वी बागांचं, तळ्यांचं, पेन्शनरांचं निवांत गाव होतं. मग संगणकवाले आले आणि त्यांनी तळी गिळली. गोष्ट सोयीची आहे, कारण तिच्यातला गुन्हेगार परका आहे. पण सनावळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की ती डळमळते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बेंगळुरूत बस्तान मांडलं 1985 साली. उरलेली तळी वाचवायची कशी, हे सांगण्यासाठी लक्ष्मण राव समिती नेमली गेली तीही त्याच वर्षी. घर लुटलं गेल्यावर पंचनामा व्हावा तशी. लूट त्याआधीची होती, आणि तिची सुरुवात नळाने झाली, असं माझं म्हणणं आहे.

सुमारे 900 मीटर उंचीच्या पठारावरच्या या शहराच्या कुशीत मोठी नदी नाही. पडेल तो पाऊस अडवायचा, हाच इथला जुना मार्ग. केंपेगौडाने 1537 च्या सुमारास पेठ वसवली तेव्हा धर्मांबुधी, केंपांबुधी, संपंगी अशी तळी तिच्याभोवती उभी राहिली, ती शोभेसाठी नव्हेत. वरचं तळं भरलं की सांडव्याचं पाणी राजकालुवे नावाच्या पाटातून खालच्या तळ्यात जाई. नीरगंटी म्हणवणारा पाटकरी ते शेतांना वाटून देई, उन्हाळ्यात उपसलेला गाळ खत म्हणून रानात पडे. 1638 नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आलं तेव्हाही शहर याच पाण्यावर जगत होतं. (मराठी पाहुणा शहाजीराजांच्या खुणा शोधत फिरतो, या तळ्यांकडे मात्र सहसा जात नाही.) या व्यवस्थेचं बळ तिच्या गरजेत होतं. बांध फुटला तर गाव तहानेनं मरेल, म्हणून बांध राखला जाई.

ती गरजच संपली. 1876 ते 78 च्या दुष्काळाने तळ्यांची मर्यादा उघडी पाडली. 1882 साली उपाय म्हणून सँकी हा आणखी एक तलावच झाला. पुढे 1890 च्या दशकात हेसरघट्ट्याचं पाणी नळाने आलं, 1933 साली तिप्पगोंडनहळ्ळीचं, आणि 1974 मध्ये थेट कावेरीचं, सुमारे 100 किलोमीटरवरून, पंपांनी काहीशे मीटर वर चढवून. पाणी दुरून येऊ लागलं तसं जवळचं तळं कुणाचंच उरलं नाही. प्रशासनाच्या लेखी ती फक्त मोकळी, सखल, सरकारी जमीन झाली. धर्मांबुधीच्या पात्रात आज मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे. संपंगीच्या काठावर भाजीपाला पिकवणारे तिगळ बागाईतदार होते. तिथे आता कंठीरवा स्टेडियम आहे आणि करगा उत्सवाच्या विधीपुरता पाण्याचा एक चौकोन राखलेला आहे. दरम्यान हिंदुस्तान एअरक्राफ्ट, आयटीआय, एचएमटी, बीईएल अशा कारखान्यांनी माणसं खेचली. 1971 ते 1981 या दहा वर्षांत लोकसंख्या सुमारे 16 लाखांवरून 29 लाखांवर गेली, तेव्हा सॉफ्टवेअरचा व्यवसाय जेमतेम रांगत होता.

मग नळ आणायलाच नको होता का? असं म्हणणं क्रूरपणाचं ठरेल. 1898 च्या प्लेगने होरपळलेल्या, दाटीवाटीच्या शहराला स्वच्छ पाणी हवंच होतं, आणि तळ्यांच्या भरवशावर लाखांची वस्ती जगली नसती. चूक झाली ती पुढे: पिण्याच्या कामातून सुटलेल्या तळ्याला पूर अडवण्याचं आणि विहिरींना पाझर पुरवण्याचं काम उरतं, हे कुणी हिशेबात धरलं नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बेळंदूरच्या तळ्यावर फेस साचला, आगी लागल्या, त्या भोवतीच्या नव्या वस्तीनंतर. मग संगणकवाले निर्दोष कसे? निर्दोष नाहीतच. त्यांच्यामुळे वेग आणि आकार दोन्ही वाढले. पण सांडपाणी ज्या उतारावरून बेळंदूरला पोहोचलं, तो उतार त्या जुन्या साखळीचाच होता. पाटाला गटार मानण्याची सवय शहराला आधीच जडली होती.

तळी कालबाह्य झाली असं म्हणणाऱ्यांनी कोलारकडे पाहावं. कोरमंगल-चल्लघट्टा खोऱ्यातलं बेंगळुरूचं सांडपाणी शुद्ध करून 2018 पासून कोलार जिल्ह्याच्या कोरड्या तळ्यांत सोडलं जातं. ते पुरेसं शुद्ध होतं का, यावर तिथले शेतकरी आणि अभ्यासक भांडत आहेत, आणि ते भांडण रास्त आहे. पण ते पाणी साठवायला कोलारमध्ये बांध आणि पात्रं शाबूत होती. बेंगळुरूने आपल्या पात्रांत बसस्थानक आणि स्टेडियम बांधलं होतं.