पार्थिवाची परदेशी रवानगी (अहिल्यानगर जिल्हा)

मृत व्यक्तीचा देह, अस्थी किंवा रक्षा दफनासाठी अथवा अंतिम विधीसाठी एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याची प्रक्रिया. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात या प्रथेची उदाहरणे सोळाव्या शतकापासून आढळतात.

इतिहास : अहमदनगरचा सुलतान बुऱ्हाण निजामशाह (पहिला) याने शाह ताहीर या विद्वान सल्लागाराच्या प्रभावाने 1537 च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला. शिया परंपरेत करबला व नजफ येथील दफन पुण्यप्रद मानले जाते. शाह ताहीरचे आणि पुढे खुद्द बुऱ्हाणचे (मृ. 1553) पार्थिव अहमदनगरहून इराकमधील करबल्याला नेण्यात आले. दूरच्या दफनासाठी देह आधी तात्पुरता पुरून ठेवण्याच्या रीतीस ‘अमानत’ म्हणत. बुऱ्हाणचा पिता अहमद निजामशाह याची कबर मात्र शहरातील बागरोजा येथेच आहे. मोगल बादशहा औरंगजेब 1707 मध्ये अहमदनगरलगतच्या भिंगारजवळ वारला, तेव्हा त्याचा देह खुलदाबादला नेला गेला; पण ते देशातल्या देशातले स्थलांतर होते. अमेरिकन मराठी मिशनच्या शिक्षिका सिंथिया फरार 1862 मध्ये अहमदनगरला वारल्या आणि तेथेच त्यांचे दफन झाले. त्या काळी दूरदेशी आलेल्या बहुतेकांच्या वाट्याला मृत्यूच्या गावचीच माती येई.

एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथी फैलावल्यावर ऑटोमन आरोग्य प्रशासनाने करबला-नजफकडे जाणाऱ्या शववाहतुकीवर निर्बंध घातले. धार्मिक रिवाजाचा विषय तेव्हापासून सार्वजनिक आरोग्याचाही झाला. बर्लिन येथील 1937 चा आणि स्ट्रासबर्ग येथील 1973 चा करार शववाहतुकीसाठी सामाईक नियम ठरवणारे होत.

आजची प्रक्रिया : मृत्यू जेथे घडला तेथेच त्याची नोंद होते. ही नोंद जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 नुसार महानगरपालिका, नगरपरिषद, भिंगारची छावणी किंवा ग्रामपंचायत यांपैकी संबंधित ठिकाणी केली जाते. मृत्यूचे कारण डॉक्टर प्रमाणित करतात; रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना 4 व अन्यत्र झालेल्या मृत्यूसाठी नमुना 4अ वापरतात. अपघाती, संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूत पोलीस पंचनामा व शवविच्छेदन अहवाल लागतो.

मृत व्यक्ती परकीय नागरिक असेल, तर तिच्या देशाच्या दूतावासाला वा वाणिज्य दूतावासाला कळवावे लागते. दूतावास पासपोर्ट रद्द करून ना हरकत प्रमाणपत्र देतो. जिल्ह्यात परकीय नागरिकांच्या नोंदणीचे काम पोलीस अधीक्षक कार्यालय पाहते. अरणगावजवळच्या मेहेराबाद येथे मेहेरबाबांच्या समाधीच्या दर्शनाला परदेशी अनुयायी येतात, त्यामुळे अशी वेळ या जिल्ह्यात येणे अशक्य नाही.

देह टिकवण्यासाठी फॉर्मॅलिनसारखी द्रव्ये रक्तवाहिन्यांतून सोडतात. या प्रक्रियेला एम्बामिंग म्हणतात. तिचे प्रमाणपत्र, शवपेटी मोहोरबंद असल्याचे आणि तीत देहाखेरीज काही नसल्याचे प्रमाणपत्र, पोलिसांचे ना हरकत पत्र, मृत्यू दाखला व पासपोर्ट ही मुख्य कागदपत्रे होत. ती विमान कंपनीच्या मालवाहतूक विभागाकडे, विमानतळ आरोग्य अधिकाऱ्याकडे व सीमाशुल्क विभागाकडे सादर करतात. ज्या देशात देह न्यायचा त्याच्या अटी वेगळ्या असू शकतात. या अटी दूतावासाकडून आधी लेखी घ्याव्या लागतात. काकडी येथे 2017 मध्ये सुरू झालेला शिर्डी विमानतळ प्रामुख्याने देशांतर्गत वाहतुकीचा असल्याने देह सामान्यतः रस्त्याने मुंबईस न्यावा लागतो.

रक्षा नेणे तुलनेने सोपे असते. मृत्यू दाखला, दहनाचा दाखला व बंद कलश पुरेसे ठरतात, तरी विमान कंपनीची आणि त्या देशाची परवानगी तपासावी लागते. आधी दफन झालेला देह उकरून नेणे सर्वांत अवघड. त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची स्वतंत्र परवानगी लागते.

परदेशातून येणारा देह : याला इंडियन एअरक्राफ्ट (पब्लिक हेल्थ) रूल्स, 1954 लागू होतात. दहन न झालेला देह जस्ताच्या वा अन्य धातूच्या, सांधे डाक देऊन बंद केलेल्या पेटीत आणि ती पेटी लाकडी शवपेटीत असावी लागते. पीतज्वर, प्लेग, अँथ्रॅक्स यांसारख्या रोगांनी मृत्यू झालेल्यांचे देह आणण्यास मनाई आहे. ऑगस्ट 2023 पासून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या ‘ई-केअर’ या संकेतस्थळावरून आरोग्यविषयक मंजुरी मिळते. आखाती देशांत कामाला गेलेल्यांच्या कुटुंबांना या संकेतस्थळाचा विशेष उपयोग होतो.

मूल्यमापन : ही सारी कागदपत्रे तीन प्रश्नांची उत्तरे देतात : मृत व्यक्ती कोण, मृत्यू कशाने झाला आणि वाटेत कोणाच्या आरोग्याला धोका नाही ना. शोकाकुल कुटुंबाला हे एकट्याने निभावणे कठीण असते. म्हणून पोलीस ठाणे, रुग्णालय आणि नोंदणी कार्यालय यांनी कुटुंबाला आपणहून पुढची पायरी सांगणे हे त्यांचे कर्तव्य ठरते. नातेवाइकांनीही दफन किंवा दहन करण्यापूर्वीच दूतावासाशी बोलून निर्णय घ्यावा.