युद्धातल्या वायूपासून नदीच्या पहाऱ्यापर्यंत : एका एन्झाइमची गोष्ट

"नदीच्या पाण्यातलं कीटकनाशक ओळखणारा बायोसेन्सर" असा विषय सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "पाणी तर लॅबमध्ये तपासतातच की, मग यात नवीन काय?" याचं उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास नदीकाठी सुरू होत नाही.

1936 साली जर्मनीत आय. जी. फार्बेन कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड श्रेडर पिकांवरची कीड मारणारं नवं औषध शोधत होते. हाती आलं ते ताबून. किडीइतकंच ते माणसालाही मारक होतं, म्हणून ते गेलं लष्कराकडे. 1938 मध्ये सारिन आलं. त्याच ऑर्गेनोफॉस्फेट कुळातलं पॅराथिऑन 1944 मध्ये तयार झालं आणि युद्धानंतर शेतात पोहोचलं. 1958 साली केरळमध्ये पॅराथिऑन मिसळलेलं गव्हाचं पीठ खाऊन 100 हून अधिक माणसं दगावली. आपला 1968 चा कीटकनाशक कायदा या घटनेनंतरच्या चौकशीतून आला.

ही सगळी रसायनं मारतात कशी? आपल्या नसा स्नायूंना निरोप पाठवतात तो अ‍ॅसिटिलकोलीन या रेणूमार्फत. निरोप पोहोचला की तो रेणू लगेच तोडावा लागतो, नाहीतर स्नायू आखडलेलेच राहतात. तोडण्याचं काम अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम करतं. ते म्हणजे कात्रीच समजा. ऑर्गेनोफॉस्फेट या कात्रीच्या पात्यांमध्ये जाऊन घट्ट अडकतं. कात्री बंद, श्वास बंद.

आता हेच उलटं करून बघा. कात्री बंद पडली हे मोजता आलं, तर विष आहे हे कळेल! 1962 मध्ये जॉर्ज गिलबॉल्ट आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच इलेक्ट्रोडच्या मदतीने मोजून दाखवलं. एन्झाइमला त्याचं खाद्य द्यायचं, त्यातून निघणाऱ्या पदार्थाचा विद्युत संकेत नोंदवायचा. नमुन्यात विष असेल तर संकेत घटतो. त्याच वर्षी लेलँड क्लार्क यांनी ग्लुकोज मोजण्यासाठी एन्झाइम आणि इलेक्ट्रोड एकत्र आणण्याची कल्पना मांडली, आणि त्याच वर्षी रेचल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' आलं. क्लार्कची वाट पुढे मधुमेहींच्या ग्लुकोमीटरपर्यंत गेली. कीटकनाशकांची वाट मात्र बराच काळ प्रयोगशाळेतच राहिली.

नदीला पहारा का हवा, हे ठळकपणे दाखवलं ते ऱ्हाइनने. 1 नोव्हेंबर 1986 च्या मध्यरात्रीनंतर स्वित्झर्लंडमधल्या बाझलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आत सुमारे 1,300 टन रसायनं होती, त्यात ऑर्गेनोफॉस्फेटही भरपूर. आग विझवायला मारलेलं पाणी सगळं घेऊन नदीत गेलं. पाणी लाल झालं आणि सुमारे दीड लाख ईल मासे मेले. यानंतर ऱ्हाइनकाठच्या देशांनी नदीवरची पाळत वाढवली. 1993 मध्ये वाइल आम ऱ्हाइन इथे कायमचं निरीक्षण केंद्र सुरू झालं. ऱ्हाइनवरच्या केंद्रांमध्ये उपकरणांच्या जोडीला डॅफ्निया, म्हणजे पाणपिसवाही ठेवल्या गेल्या. पाण्यात काही बिघडलं की त्यांचं पोहणं बदलतं. जिवंत जीवच सेन्सर!

एन्झाइम-सेन्सर त्याच कल्पनेचं लहान रूप. पण अडचणी खऱ्या आहेत. युरोपात पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे 25 लाख लिटरच्या ऑलिंपिक तलावात फक्त पाव ग्रॅम! त्यासाठी माशीच्या एन्झाइममध्ये जनुकीय बदल करून ते जास्त संवेदनशील करण्यात आलं. दुसरी अडचण : पॅराथिऑनसारखी रसायनं मूळ रूपात एन्झाइमला फारशी धरतच नाहीत. शरीरात यकृत त्यांचं ऑक्सिडीकरण करतं, मग ती घातक होतात. सेन्सरला यकृत नाही, म्हणून ते काम आधी आपल्याला करावं लागतं. तिसरी : काही जड धातूही एन्झाइम अडवतात, आणि निओनिकोटिनॉइडसारखी नवी कीटकनाशकं या एन्झाइमला हातच लावत नाहीत.

म्हणून सेन्सर "पाणी शुद्ध आहे" असं प्रमाणपत्र देऊ शकत नाही. विषाचं नाव आणि नेमकं प्रमाण सांगायला लॅबमधलं मास स्पेक्ट्रोमीटरच लागतं. पण तिथे नमुना पोहोचून उत्तर येईपर्यंत नदी कुठल्या कुठे गेलेली असते. सेन्सरचं काम एवढंच : काठावर, काही मिनिटांत "थांबा, हे पाणी आत्ता उचलू नका" असं सांगणं.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. अशा रुग्णाच्या रक्तात डॉक्टर जी कोलिनएस्टरेजची पातळी बघतात, तीही याच कुळातल्या एन्झाइमची. रक्तात ती घटलेली दिसते तेव्हा विष शरीरात शिरलेलं असतं. तीच खूण त्याआधी, पाण्यात असतानाच वाचता यावी, यासाठी ही सगळी धडपड.