मिलो, नागली आणि रेशनचा गहू

सिन्नर तालुक्यात एखाद्या म्हातारीपुढे 'मिलो' हा शब्द काढा. ती आधी तोंड वाकडं करते, मग हसते. 1972 च्या दुष्काळात रेशनवर आलेली ही अमेरिकेची लाल ज्वारी. माझी आई तेव्हा खडी फोडायच्या कामावर जायची. कामावर मिळणारी सुकडी अर्धी तिथंच खायची, उरलेली पदरात बांधून थोरल्या भावासाठी आणायची. मिलोची भाकरी थापताना चिरते, ही तिची तक्रार आजही कायम आहे.

नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर 1883 मध्ये छापलं गेलं. त्यातलं नाशिक प्रामुख्याने बाजरीचं आहे, आणि पेठ, इगतपुरीकडच्या डोंगरपट्ट्यात नागली-वरईचं. गहू पिकत होताच. पण पिकवणाऱ्याच्या ताटात पोळी यायची ती सणाला किंवा पाहुणा आला तर. पुढे कालवे झाले, निफाडच्या संशोधन केंद्राने गव्हाचे सुधारित वाण दिले, रेशनवर गहू-तांदूळ आला. दोन पिढ्यांत सणाची पोळी रोजची झाली.

शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते दहाच्या आसपास. हे आकडे पाहून 'आपले पूर्वज किती शहाणे' असं म्हणायचा मोह होतो. मी स्वतः काही वर्षं तसं म्हणत हिंडलो. मग सुरगाण्याकडच्या वृद्धांशी बोलायला लागलो आणि गप्प झालो. नागली वर्षभर पुरायचीच नाही. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी, मग रानातले कंद उकडायचे, कडू असतील तर रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे. या माणसांना रेशनच्या तांदळाने जगवलं, हे शहरातल्या भाकरीप्रेमींनी विसरू नये.

मग मधुमेह वाढला कशाने? 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. एकट्या पोळीला दोष देऊन हा आकडा उलगडत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधली साडेतीन किलोंची. पण आपल्या बाळांत वजनाच्या मानाने चरबी जास्त! उपाशी आईच्या पोटात काटकसर शिकलेलं शरीर पुढे साखर, तेल, मैदा आणि बैठं काम यांच्या तावडीत सापडतं. म्हणजे आजीची उपासमार आणि नातवाची बेकरी, दोन्ही एकाच हिशेबात धरायला हवीत. 1972 च्या मजूर बायांच्या पोटी जन्मलेली मुलं आज पन्नाशीत आहेत. मीही त्यांच्यातलाच, गेली सहा वर्षं गोळ्या घेतो.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन आणि भरडधान्य एक रुपया किलो असे दर होते. सर्वांत स्वस्त भरडधान्यच! मी पाहिलेल्या दुकानांत मात्र पोती गहू-तांदळाचीच असायची. 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा नाशिकच्या दुकानांत नागलीची बिस्किटं आली, त्यातही साखर. त्याच सुमारास पेठच्या बाजारात एक बाई पायलीने नागली विकताना भेटली. घरी काय खाता, विचारलं. म्हणाली, "रेशनचा भात. पोरं काळी भाकर डब्यात न्यायला लाजतात, दादा."