तळटीप ७ : 'पिलो'

७. पिलो : 'जेकब्स पिलो'. मॅसॅच्युसेट्समधील बेकेट गावचा नृत्यमहोत्सव. लेखिका एडिसनहून मोटारीने गेल्या त्या येथेच. आधुनिक नृत्याचे एक प्रवर्तक टेड शॉन (१८९१–१९७२) यांनी १९३१मध्ये येथील जुने शेत विकत घेतले. १९३३पासून जाहीर प्रयोग सुरू झाले. त्याआधी १९२५-२६च्या आशिया दौऱ्यात शॉन हिंदुस्थानातही नाचून गेले होते. मजकुरातले 'कोठार' म्हणजे महोत्सवाचा दप्तरखाना असलेले 'ब्लेक्स बार्न'. कार्यक्रमपत्रिका, छायाचित्रे, पोशाख, चित्रफिती असा ऐवज महोत्सवाने जपला आहे. भरतनाट्यम नर्तिका बालासरस्वती १९६२मध्ये येथे नाचल्या. त्यांच्या अभिनयाचे त्या वेळचे चित्रण महोत्सवाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते.