हुक्क्याचे पाणी कोण बदलत असे?

आजचा धागा एका अशा कामाविषयी आहे ज्याची नोंद इतिहासात फारशी कोणी केली नाही: धूम्रपानाची नळी साफ करण्याचे काम.

एखाद्या वस्तुसंग्रहालयात बिदरी कामाचा हुक्का तुम्ही पाहिला असेल. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे, त्यावर चांदीची वेलबुट्टी, आणि बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने आलेला तो गडद काळा रंग. सतराव्या शतकातील भांडी बहुधा गोल असतात आणि लवंडू नयेत म्हणून कड्यावर ठेवावी लागतात. अठराव्या शतकात घंटेसारखा, रुंद बुडाचा आकार रूढ झाला. आपण नक्षी पाहतो, शतक वाचतो, पुढे जातो. परंतु काचेआड असतो तो हुक्क्याचा केवळ तळ. वरची चिलीम, उभा नैचा, लांब लवचीक नळी, तोंडात धरायची मुखनळी हे सारे बहुधा नाहीसे झालेले असते. रोज धुतले, पुसले, बदलले जाणारे भाग तेच होते.

आरंभ विजापूरपासून करू. अकबराचा दूत असद बेग आदिलशाही दरबारातून १६०४ च्या सुमारास परतला, तेव्हा त्याच्या सामानात तंबाखू होती. उत्तरेत असे काही आपण पाहिले नव्हते, असे तो स्वतः लिहितो. बादशहाला नजर करण्यासाठी त्याने एक नळी सिद्ध केली. दांडी सुमात्रातील अचीनची, तीन हात लांब, दोन्ही टोकांना रत्ने आणि मिनाकाम. मुखाशी येमेनचा अकीक. पेटवण्यासाठी सोन्याचे साधन. आदिलशहाने दिलेल्या विड्याच्या बटव्यात त्याने उत्तम तंबाखू भरली आणि सारे काही चांदीच्या तबकात मांडले.

या वर्णनातील एक तपशील बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दांडी ठेवण्यासाठी असद बेगने चांदीचे एक नळकांडे करवून घेतले आणि त्यावर जांभळी मखमल चढवली. मोगल दरबारात तंबाखूचा पहिला झुरका ओढला गेला त्या दिवशी नळीची निगा राखण्याची सोयही तिच्यासोबत हजर होती! अकबराने दोनतीन झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, वाद झाला. बादशहाने पुढे तिचा नाद केला नाही. सरदारांनी मात्र मागणी केली, व्यापाऱ्यांनी माल आणला, आणि व्यसन पसरले. १६१७ मध्ये जहांगीराने बंदी घातली, पण हुक्का तिला पुरून उरला.

येथे एक प्रसिद्ध कथा तपासून घेऊ. हुक्क्याचा शोध अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याने लावला, धूर पाण्यातून गेल्यास शुद्ध होईल अशी त्याची कल्पना होती, असे सर्रास लिहिले जाते. गिलानी १५८९ मध्ये वारला. असद बेगचे तबक दरबारात आले ते त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी. तंबाखू त्याआधी इतर वाटांनी आली असणे शक्य आहे, परंतु ही कथा जितक्या आत्मविश्वासाने सांगितली जाते तितका आधार तिला नाही. आणि धूर पाण्याने शुद्ध होतो हेही खरे नव्हे. तो थंड होतो, घशाला सौम्य लागतो. विष बरेचसे कायम राहते.

पाण्यात जे उतरते, ते मात्र डोळ्यांना दिसते. काही चिलमी ओढून झाल्या की हुक्क्याचे पाणी तपकिरी होते आणि त्याला उग्र दर्प येतो. धूर जेथे जेथे थंड होतो तेथे तेथे चिकट, काळा कीट धरतो. आता ती कित्येक हात लांबीची नळी आठवा. तारेच्या वेटोळ्यावर कापड गुंडाळून ती केली जाई, आणि तिच्या बांधणीत भूर्जपत्राचाही वापर होत असे. होय, ज्या भूर्जपत्रावर काश्मीरच्या पोथ्या लिहिल्या गेल्या तीच साल, कारण तिला पाणी बाधत नाही. अशी नळी आतून कशी पुसणार? तिच्यात पाणी खेळवावे लागे. ऐपत असेल तर गुलाबपाणी.

हे काम मालक करीत नसे. त्यासाठी खास नोकर असे, हुक्काबरदार. गूळ आणि मसाले घालून मळलेली तंबाखू चिलमीत भरणे, कोळशाच्या गोळ्या फुलवणे, ठिणगी गालिच्यावर पडू नये म्हणून चिलमीवर सरपोश घालणे, पाणी बदलणे, नळी धुणे, मुखनळी पुसून मालकाच्या हाती देणे ही त्याची कामे. मालक उठून दुसऱ्या दालनात गेला की हुक्का उचलून मागोमाग जाणे हेही आलेच.

अठराव्या शतकात कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी हा थाट जसाच्या तसा उचलला. वॉरन हेस्टिंग्ज दांपत्याने ऑक्टोबर १७७९ मध्ये कलकत्त्यात संगीत आणि भोजनाचे निमंत्रण धाडले, त्याचा मसुदा उपलब्ध आहे. पाहुण्यांना विनंती होती की कोणीही नोकर सोबत आणू नये, फक्त हुक्काबरदार आणावा. ही एकच ओळ पुष्कळ सांगून जाते. वाढपी, पंखेवाले यजमानाचे चालतील, परंतु आपला हुक्का दुसऱ्याच्या माणसाच्या हाती द्यायची कोणाची तयारी नव्हती. गव्हर्नर जनरलच्या घरच्या मैफलीत प्रत्येक साहेबामागे एकेक माणूस निखारे सांभाळत उभा असे. त्यांतील एकाचेही नाव त्या निमंत्रणात नाही, असण्याचे कारणही नव्हते. (विल्यम हिकी हा वकील १७७७ मध्ये कलकत्त्यात उतरला, तेव्हा हुक्क्यावाचून येथे प्रतिष्ठा नाही असे त्याला बजावण्यात आले. बिचाऱ्याने प्रयत्न करून पाहिला, त्याला मुळीच रुचले नाही, आणि त्याने तो नाद कायमचा सोडला.) दुसऱ्याच्या हुक्क्याची नळी ओलांडून जाणे हा त्या काळी उघड अपमान समजला जाई.

हुक्काबरदार ठेवणे ज्यांना शक्य नव्हते त्यांचे काय? ते स्वतःच सारे करीत. आपल्याकडची मातीची चिलीम घ्या. ओढण्यापूर्वी आतला खडा काढून खरवडायचा, राख झाडायची, आणि फडक्याची पट्टी आरपार ओढून कीट पुसायचा. मग ओल्या फडक्याची छापी बुडाशी गुंडाळायची. छापीमुळे धूर गार होतो, निखाऱ्याचे कण अडतात, आणि मुठीतून ओढल्याने ओठ चिलमीला लागत नाहीत.

ओठ न लागण्याला आपल्या समाजात फार मोठा अर्थ होता. कोणाच्या हातची चिलीम घ्यावी, कोणाच्या तोंडचा हुक्का आपल्या तोंडी चालतो, हे जात ठरवीत असे. ‘हुक्कापाणी बंद’ हा शब्दप्रयोग बहिष्कारासाठी उगाच रूढ झालेला नाही. तेव्हा नळीची ‘स्वच्छता’ म्हटले की दोन वेगळ्या गोष्टी समोर येतात. एक कीट, जो फडक्याने जातो. दुसरा विटाळ, जो कशानेही जात नसे. जो माणूस रोज मालकाची मुखनळी घासून लख्ख करी, त्याच माणसाला ती स्वतःच्या ओठी लावण्याची मुभा नव्हती, ही विसंगती त्या काळात फारशी कोणाला खटकलेली दिसत नाही.

आता विलायतेकडे वळू, कारण वर्ष तेच आहे. असद बेग विजापूरहून परतला त्याच सुमारास, १६०४ मध्ये, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूविरुद्ध एक जळजळीत पुस्तिका लिहिली. अट्टल तंबाखूबाजांची प्रेते उघडली असता आत तेलकट काजळी सापडली, असा दाखला त्याने दिला. नळीत साचते तेच माणसात साचते, हे राजाच्या ध्यानात आले होते. मात्र पंधरा वर्षांनी, १६१९ मध्ये, त्यानेच लंडनच्या नळी बनवणाऱ्यांच्या संघाला सनद दिली. महसुलापुढे काजळीचे काय चालणार!

ती इंग्रजी नळी पांढऱ्या मातीची, एकसंध, लांब दांडीची आणि अतिशय ठिसूळ असे. तिच्यातून तार घातली तर मोडण्याची भीती. मग उपाय काय? आग. लोखंडी पट्ट्यांची, पाय आणि मूठ असलेली एक पाळण्यासारखी चौकट असे. काळवंडलेल्या नळ्या तिच्यात आडव्या रचायच्या आणि चौकट चुलीत किंवा भटारखान्याच्या भट्टीत ठेवायची. माती मुळात भट्टीतूनच आलेली, तिला आगीचे भय नाही. कीट जळून जाई आणि नळी पुन्हा पांढरी होऊन निघे. अशा चौकटी आजही काही ब्रिटिश संग्रहालयांत आहेत, आणि अनभिज्ञ माणसाला ते स्वयंपाकाचे एखादे विचित्र भांडे वाटते.

आणखी एक दंतकथा. खानावळीतील नळी सामाईक असे आणि प्रत्येक नवा गिऱ्हाईक स्वच्छतेसाठी टोकाचा तुकडा मोडून ती ओढत असे, असे अमेरिकेतील वसाहतकालीन स्थळांवर वर्षानुवर्षे सांगितले गेले. उत्खननात दांड्यांचे ढीगभर तुकडे निघतात, त्यांचे हे सोपे स्पष्टीकरण. पुरातत्त्वज्ञांना ते पटत नाही. नळ्या स्वस्त होत्या, सहज मोडत, आणि मोडल्या की फेकल्या जात. ढिगांचा उलगडा तेवढ्याने होतो.

ते तुकडे दुसऱ्याच कामी आले. जे. सी. हॅरिंग्टन या पुरातत्त्वज्ञाने १९५४ मध्ये दाखवून दिले की दांडीच्या छिद्राचा व्यास काळानुसार घटत गेला आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक छिद्रे ८/६४ इंच, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ४/६४, त्याच्या निम्मी. दांड्या लांबत गेल्या, छिद्रे बारीक होत गेली. गिरमिटाची पाती छिद्रात घालून पाहायची आणि वस्तीचा काळ अंदाजायचा, इतकी साधी ही पद्धत होती. छिद्र जितके बारीक तितके ते लवकर तुंबणार, म्हणजे चुलीतल्या त्या चौकटीची गरज वाढतच गेली असणार, असा माझा तर्क.

आणि आता या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा तुकडा. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात बेल्व्हॉर येथे गुलामांची जुनी वस्ती उत्खननात सापडली. तिथल्या मातीच्या नळीचा एक तुकडा प्रयोगशाळेत गेला. सच्छिद्र माती लाळ शोषून घेते, आणि ही नळी शेवटच्या झुरक्यानंतर कोणी भाजून स्वच्छ केली नसावी. सुमारे दोनशे वर्षांनंतर तिच्यातून डीएनए मिळाला. तो एका स्त्रीचा होता, आणि तिचे जवळचे नाते आजच्या सिएरा लिओनमधील मेंडे लोकांशी जुळले. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गुलामांच्या याद्यांत आफ्रिकेतील मूळ बहुधा लिहिलेच जात नसे. जे कागदाने पुसले ते मातीने राखले. ती नळी कोणी निखाऱ्यांत ठेवून पांढरीशुभ्र केली असती, तर ही स्त्री आपल्याला कधीच भेटली नसती.

पुढची गोष्ट थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर फ्रान्समधील सेंट क्लोद येथे ब्रायर या भूमध्य प्रदेशातील झुडपाच्या मुळाच्या गाठीपासून पाइप होऊ लागले आणि मातीच्या नळीचे दिवस भरत आले. लाकूड चुलीत घालता येत नाही, त्यामुळे निगा बदलली. वाटीच्या आत कोळशाचा पातळ थर जमू द्यायचा, कारण तोच लाकडाला जळण्यापासून वाचवतो. जाड झाला की खरवडायचा. दांडी गरम असताना काढायची नाही. एकदा ओढलेला पाइप दिवसभर सुकू द्यायचा. दांडी साफ करायला कोणी पिसाचा देठ वापरी, कोणी गवताची काडी, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रॉचेस्टर येथे सुताची लव पिळलेली तार निघाली. हुक्का तोवर साहेबांच्या घरांतून गेला होता, त्याची जागा चिरूटाने घेतली होती. चिरूट पेटवायचा, ओढायचा, फेकून द्यायचा. त्याला धुण्यासाठी माणूस लागत नाही. पाइपवाला स्वतःची नळी स्वतः पुसत बसे आणि त्यालाच छंद म्हणू लागला. हुक्काबरदार कोठे गेले, याची नोंद साहेबांच्या आठवणींत शोधून पाहा.

ती लवदार तार आज आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात लाल, हिरव्या, पिवळ्या रंगांत मिळते. शाळेच्या हस्तकलेसाठी मुले तिचे कोळी आणि फुले करतात. दुकानदारही तिला ‘पाइप क्लीनर’च म्हणतो.